जुन्या स्कॅनरसाठी ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करताय? थांबा!

दुकानातला जुना स्कॅनर नव्या कॉम्प्युटरला जोडला, की कधी कधी विंडोज त्याचा ड्रायव्हर अडवते. मग दुरुस्तीला आलेला मुलगा ‘मेमरी इंटिग्रिटी’चे बटण बंद करतो. स्कॅनर चालू होतो, विषय संपतो. पण त्या बटणाबरोबर एक कुलूपही निघते.

ड्रायव्हर साध्या ॲपसारखा नसतो. तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात भरला जातो. लिनक्समध्ये अशा भागाला लोडेबल मॉड्यूल म्हणतात. ॲप बिघडले तर तेवढेच बंद पडते. गाभ्यातले काही बिघडले तर अख्खे यंत्र. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि आपल्याकडे विमान प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. (तो घोटाळा मेमरीच्या परवानग्यांचा नव्हता, पण गाभ्यातल्या चुकीची किंमत त्यातून कळली.)

मेमरीची साधारण ४ केबीची पाने असतात. प्रत्येक पानाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे या परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. नियम असा, की ज्या पानावर लिहिता येते ते चालवता येऊ नये. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डच्या कार्डांवर आधी छिद्रे पाडून ठरत आली आहे; माग सुरू असताना कार्डाला कोणी छिद्रे पाडत नाही. मॉड्यूलचेही तसेच. लोड होताना कोड मेमरीत उतरवावा लागतो, त्यातले मेमरीचे पत्ते जुळवावे लागतात, म्हणून तेवढ्यापुरती लिहिण्याची मुभा असते. नंतर कोडच्या पानांवरची ती मुभा काढून घेतली जाते. डेटाच्या पानांवर लिहिता येते, पण ती चालवता येत नाहीत. त्यामुळे हल्लेखोराने डेटात स्वतःचा कोड घुसवला तरी तो थेट चालत नाही. लिनक्समध्ये ही सोय २०११ मध्ये ऐच्छिक म्हणून आली. २०१७ च्या ४.११ आवृत्तीपासून नेहमीच्या प्रोसेसरांवर ती आपोआप चालू असते.

विंडोजची मेमरी इंटिग्रिटी याहून कडक. परवानग्यांची चावी ती कर्नलच्याही हाती ठेवत नाही, त्याखालच्या हायपरव्हायझरकडे देते. एकाच पानावर लिहिणे आणि चालवणे दोन्ही मागणारे जुने ड्रायव्हर इथे अडतात. बटण बंद केले, की हा पहारा एका ड्रायव्हरपुरता नव्हे, संपूर्ण गाभ्यावरून उठतो. जिथे दिवसभर लोकांची आधार आणि पॅन कार्डे स्कॅन होतात, तिथे हा सौदा महागच.

विंडोज सिक्युरिटीत ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि त्यात ‘कोअर आयसोलेशन’ उघडा. बटण बंद असेल तर चालू करून पाहा. अडणाऱ्या ड्रायव्हरचे नाव तिथेच दिसते. नवी आवृत्ती उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. नाही मिळाली, तर पुढच्या खरेदीच्या यादीत आधी स्कॅनर लिहा.