कॅमेऱ्याचा वक्फ

जुन्या लेन्सच्या बाजारात सध्या दोन शब्दांची चलती आहे. एक 'रेअर', दुसरा 'मिंट'. रेअर म्हणजे दुर्मीळ. मिंट म्हणजे कुणी हात न लावलेली, डबीतून बाहेरच न काढलेली. पहिला शब्द बहुतेक वेळा खोटा असतो, पण बाजारात तेवढं खोटं चालायचंच. माझं भांडण दुसऱ्या शब्दाशी आहे. जिने आयुष्यात एकही फोटो काढला नाही ती लेन्स सर्वांत मौल्यवान आणि जी चाळीस वर्षं राबली ती दुय्यम, हा कुठला हिशेब? उद्या 'कधीही वर्गात न गेलेला शिक्षक पाहिजे, पगार दुप्पट' अशी जाहिरात आली तर आपण पोट धरून हसू. कॅमेऱ्याच्या बाबतीत हीच जाहिरात लोक खिशातले पैसे मोजून खरी करतात.

या लेन्सेसना किंमत आली कशी, ते आधी बघू. लेन्स जिथे बसते ती कडा आणि आतली फिल्म किंवा सेन्सर यांच्यात प्रत्येक कॅमेऱ्यात ठरावीक अंतर असतं. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सना ते ४२ मिलिमीटर लागायचं. त्याच कंपनीच्या पुढच्या ईएफ कॅमेऱ्यांत ते ४४ झालं, आणि घरचीच लेन्स घरात बसेना. म्हणून या लेन्स कपाटात गेल्या, भंगारात गेल्या. मग २००८ नंतर आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले. सोनीच्या ई-माउंटमध्ये हे अंतर फक्त १८ मिलिमीटर. मधल्या रिकाम्या जागेत धातूची एक साधी कडी, म्हणजे अडॅप्टर टाकला की जगातली जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स चालू लागली. तरुण पोरापोरींनी ती वापरली, तिची नजर वेगळी आहे हे जगाला दाखवलं, आणि भाव चढले. म्हणजे किंमत आली ती वापरामुळे. आणि किंमत आल्याबरोबर पहिली बंदी घातली गेली ती वापरावर.

हेलिऑस ४४ घ्या. ५८ मिलिमीटर, एफ/२, जर्मन झाइस बायोटारच्या आराखड्यावरून सोव्हिएत संघात बनलेली. झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती यायची आणि लाखांनी बनली. माणसाचा चेहरा स्पष्ट आणि मागच्या झाडाची पानं भोवऱ्यासारखी गरगरलेली, ही तिची खासियत. लाखांनी बनलेल्या या वस्तूलाही 'रेअर' म्हणतात. विकणारा फार जुनी असल्याचं सांगू लागला तर लेन्सवरचा क्रमांक वाचा. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात. ८१ असेल तर १९८१. तेवढ्यावर निम्मा इतिहास गळून पडतो.

खऱ्या दुर्मीळ लेन्सचंही उदाहरण देतो. झाइसने नासासाठी ५० मिलिमीटर एफ/०.७ ही प्लॅनर लेन्स बनवली. एकूण नग दहा. त्यांतल्या तीन दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने घेतल्या. त्या सिनेकॅमेऱ्यावर बसतच नव्हत्या, म्हणून त्याने मिचेल बीएनसी कॅमेरा अक्षरशः कापून-कोरून घेतला आणि १९७५च्या 'बॅरी लिंडन'मधले प्रसंग मेणबत्तीच्या उजेडात टिपले. आजच्या संग्राहकाला विचाराल तर त्याने एका उत्तम मिचेलची 'ओरिजिनल कंडिशन' घालवली. अशी ओरिजिनल कंडिशन राहिली असती तर या लेन्सचं नाव आज कुणी घेतलं असतं का?

दुसरं टोक लायकाचं. २०२२ साली ऑस्कर बारनाक या लायकाच्या जनकाचा स्वतःचा कॅमेरा, शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा, लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. बारनाकने तो वापरून झिजवला होता, आणि किंमत त्या झिजेची होती, हे लक्षात घ्या. मिंटवाल्यांकडे याला उत्तर नाही.

मुंबईतल्या एका संग्राहकाचं कपाट मी पाहिलं आहे. ३५ मिलिमीटरचे सिनेकॅमेरे काचेआड, आत पिवळा दिवा. एक बेल अँड हॉवेलचा आयमो होता, चावीवर चालणारा. शंभर फूट फिल्म मावते, म्हणजे चोवीस चौकटींच्या वेगाने जेमतेम एक मिनिट. मोठमोठ्या युद्धांत वार्तापटवाल्यांनी खांद्यावर वागवलेलं हे यंत्र. मी विचारलं, "चालतो का?" ते म्हणाले, "चालवायचा कशाला सर? किंमत उतरते." बोलता बोलता त्यांनी चोर बाजारातल्या आपल्या लोकांबद्दलही एक शेरा मारला: "त्या भंगारवाल्यांनी वाट लावली, लेन्स काढून घेतात आणि बॉडी तोडतात."

या शेऱ्याला उत्तर द्यायलाच हवं. मटन स्ट्रीटवर कॅमेरे आकाशातून पडले नाहीत. ज्यांनी त्यांचं सोनं केलं होतं त्यांनीच ते काम संपल्यावर किलोच्या भावाने काढून टाकले. भारतात तेराशेहून अधिक मूकपट बनले आणि त्यांतले फारच थोडे उरले, ते काय मटन स्ट्रीटमुळे? फिल्ममधली चांदी काढायला रिळं देणारे हात उद्योगातलेच होते. भंगारवाल्याने निदान दुकानात मांडून ठेवलं, चार लोकांना हाताळू दिलं. आणि या हाताळण्यातून काय होतं, त्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी १९१३च्या सुमारास मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत घेतला. त्यावर सिनेमे दाखवता दाखवता हलत्या चित्राची विद्या शिकले. आनंदराव १९१६ला गेले, पण बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ साली स्वतःचा कॅमेरा उभा केला, आणि १९२०ला 'सैरंध्री' आला. तो प्रोजेक्टर एखाद्या श्रीमंताने 'मिंट' म्हणून काचेत ठेवला असता तर कोल्हापूरच्या वाट्याला काय आलं असतं?

'आलम आरा'ची गोष्ट तर जिव्हारी लागणारी आहे. १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक, भारताचा पहिला बोलपट. झुबेदा नायिका. फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान, हिंदी सिनेमातलं पहिलं गाणं त्यांच्या गळ्यातलं. आज या सिनेमाची एक फूटही फिल्म शिल्लक नाही. काही फोटो आणि जाहिराती, बस. ज्यावर त्याच्या प्रती छापल्या गेल्या ते बेल अँड हॉवेलचं छपाई यंत्र मात्र काही वर्षांपूर्वी मुंबईत सापडलं, साड्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानात. ते का टिकलं? कारण अर्देशिर इराणींनंतर ते ज्याच्याकडे गेलं त्याने लॅबमध्ये त्याच्याकडून पुढे कित्येक वर्षं काम करून घेतलं. कामाचं होतं म्हणून तेल मिळालं, पुसलं गेलं, जपलं गेलं. वझीर मोहम्मद खानांचा आवाज ज्या रिळात होता ते रीळ कुणाच्या कामाचं उरलं नाही, म्हणून गेलं.

आता थोडं घरातलं बोलतो. आपल्या समाजात या विषयावर दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार दर दोन महिन्यांनी मोबाइलवर एक संदेश पाठवतो: कॅमेरा मुसलमानांनी शोधला, 'कॅमेरा' हा शब्दच अरबी 'कमरा'वरून आला. भाषेचा शिक्षक म्हणून सांगतो, हे साफ खोटं आहे. शब्द लॅटिन आहे, त्याच्यामागे ग्रीक. अर्थ कमानदार छताची खोली. उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, त्याच मुळातून. कमरा आणि कॅमेरा सख्खे भाऊ, पण त्यांचं गाव बगदाद नव्हे. इब्न अल-हैथमना अशा उसन्या दागिन्यांची गरज नाही. बसऱ्यात जन्मलेल्या या माणसाने हजार वर्षांपूर्वी काहिऱ्यात 'किताब अल-मनाझिर' लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरचा उजेड डोळ्यात येतो, हे त्याने अंधाऱ्या खोलीत दिवे मांडून, पुन्हा पुन्हा करून पाहून सांगितलं. करून पाहून! त्याचं नाव फॉरवर्ड करणाऱ्यांच्या घरातली मुलं भिंग हातात घेऊन भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र पाडू शकतात का, एवढंच मला विचारायचं आहे.

दुसरा प्रकार म्हणतो, तसवीर हराम, आणि जुना कॅमेरा घेणं म्हणजे तर हरामावर इस्राफ. तसवीरीचा वाद जुना आहे आणि उलेमांनीच तो वेगवेगळ्या बाजूंनी मांडला आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखित अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की फोटो म्हणजे सावली अडकवून ठेवणं, नवी निर्मिती नव्हे, म्हणून तो जायज. आज हराम म्हणणाऱ्यांचे बयानही यूट्यूबवर तीन कोनांतून शूट होऊन येतात, तेव्हा या मुद्द्यावर शाई खर्च करत नाही. इस्राफचा मुद्दा मात्र मला पटतो. लाखभर रुपयांची वस्तू घ्यायची आणि तिला तिचं काम करू द्यायचं नाही, हा इस्राफच. फक्त तो दोष घेणाऱ्याच्या हौसेत नाही, कुलपात आहे.

आणि कुलूप काढायचं कसं, ते आपल्या फिक्हमध्येच सापडतं. वक्फ म्हटलं की आजकाल सगळ्यांना जमीन, कब्रस्तान आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. पण वक्फचा गाभा साधा आहे: मूळ वस्तू जागेवर राहील, विकली जाणार नाही, तिचा फायदा लोकांना मिळत राहील. हलवता येणाऱ्या वस्तूंचा वक्फ होतो का? हनफींमध्ये इमाम मुहम्मद यांनी जिथे तसा रिवाज आहे तिथे मान्य केला: कुऱ्हाडी, फावडी, भांडी, जनाजा, कुराणाच्या प्रती. शाफईंमध्ये, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांच्या मसलकात, अट एवढीच की वस्तू टिकून राहावी आणि तिचा उपयोग होत राहावा. कोकणातल्या कुठल्याही गावात जा, जमातीच्या देगा, पातेली, ताटं असतात. लग्न कुणाचंही असो, नेतात, घासून परत आणतात. देगेला पोचा आला म्हणून कुणी तिची किंमत उतरली असं म्हणत नाही. जिने हजारांना जेवू घातलं ती देग जास्त इज्जतीची.

सिनेकॅमेरा या यादीत का बसू नये? धातूचा, चावीचा, वीज न लागणारा, नीट तेल दिलं तर शंभर वर्षं चालणारा. फावड्याइतकाच टिकाऊ आहे.

वापरला तर बिघडेल, हा आक्षेप येणारच. उलट न वापरल्याने काय होतं ते सांगतो. चावीच्या कॅमेऱ्यात वंगण असतं. वर्षानुवर्षं बंद ठेवलं की ते मेणासारखं घट्ट होतं आणि शटर अडकतं. आपल्या हवेत, पावसाळ्यात, बंद कातडी डबी म्हणजे बुरशीची रोपवाटिका. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि ती बुरशी काचेवरचा लेपच खाते, मग पुसून काही होत नाही. पेन्टॅक्सच्या सुपर टाकुमारसारख्या काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम आहे. अंधारात पडून पडून त्या चहाच्या रंगाच्या होतात, आणि इलाज काय? उन्हात ठेवायच्या. काही आठवड्यांत पिवळेपणा उतरतो. लेन्सला उजेड लागतो, हे लेन्सच सांगते आहे.

काही वस्तू काचेतच हव्यात, हे मान्य. त्यासाठी मुंबईत पेडर रोडला राष्ट्रीय सिनेमा संग्रहालय आहे, त्यातला गुलशन महल तर एकेकाळी खोजा कुटुंबाचा बंगला. एकमेव नग तिथे द्या. पण तुमच्या कपाटातला तिसरा बोलेक्स आणि सातवी हेलिऑस एकमेव नाही.

माझ्याकडे आठ मिलिमीटरचा एक रशियन सिनेकॅमेरा आहे, चावीचा. फिल्म मिळत नाही, मिळाली तरी शिक्षकाच्या पगारात बसत नाही. तरी तो शाळेत नेतो. मुलं चावी भरतात, बटण दाबतात, घरघर ऐकतात, मागचं झाकण उघडून दर सेकंदाला फिल्म सोळा वेळा कशी थांबते आणि पुढे सरकते ते नखाने दाखवतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यासाठी सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत, हा धडा त्या नखावर एका मिनिटात कळतो. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग सिनेमा म्हणजे खरं तर थांबणं का?" असा प्रश्न काचेबाहेरून पडत नाही.

म्हणून संग्राहकांना, त्यांत आपलेही बरेच आहेत, माझं सांगणं: एक नग सोडा. जवळच्या उर्दू किंवा मराठी शाळेला, जमातीच्या वाचनालयाला, लेखी, वक्फ म्हणून द्या. विकायचा नाही ही अट घाला, आणि वापरायचाच हीसुद्धा घाला. जमातीच्या देगांची जशी वहीत नोंद असते, कोण घेऊन गेलं, कधी परत आलं, तशी कॅमेऱ्याची ठेवा, क्रमांकासकट. फक्त देगांच्या खोलीत ठेवू नका, तिथे ओल असते. शाळेच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या कपाटात ठेवा, कातडी डबीबाहेर, शेजारी सिलिका जेलची पुडी. पुडी दमट झाली की तव्यावर मंद आचेवर गरम करायची, पुन्हा चालते. आणि महिन्यातून एकदा चावी भरून कॅमेरा रिकामा चालवायचा. हे काम सहावीतलं मूलसुद्धा करतं, माझ्या वर्गात करतात.