परसातला वाघ्या

साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला फार आनंद आहे. पण वाण टिकायचे तर कुणाला तरी ते दरवर्षी पेरावे लागते. परसात दोन वाफे पुरतात. दाण्यावर तांबड्या रेघा, झुडूप बुटके, त्यामुळे मांडव लागत नाही. जून-जुलैत पाऊस स्थिरावला की वीतभर अंतरावर बी टोकावे. पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात. हिरव्या शेंगा तोडायचा मोह आवरावा. शेंग पिवळी पडून वाळली, आत दाणा खुळखुळू लागला, की झाड उपटून पडवीत टांगावे. परतीच्या पावसाने गाठले तर दाण्याला शेंगेतच मोड येतात. घेवड्याचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून घरच्या बियाण्यातही वाण शुद्ध राहते, शेजारी दुसरा घेवडा असला तरी भेसळ क्वचितच होते. केवढी मोठी सोय आहे ही! निरोगी, शेंगांनी लगडलेल्या झाडांचे बी आधी वेगळे काढावे, कडक वाळवून राखेत घोळवून ठेवावे, नाहीतर भुंगेरे पोखरतात. उरलेल्याची आमटी करावी. मात्र दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून टाकून, चांगले खळखळून उकळावेत. अर्धकच्चा घेवडा पोट बिघडवतो.