खेळणारा करतो काय, ते आधी सांगा

वसईतल्या एका कॉलेजात गेमच्या कल्पना मांडायची स्पर्धा होती, मी परीक्षक. प्रत्येक गटाला पाच मिनिटं. एका गटाने विषय घेतला होता चिमाजी अप्पांची वसईची मोहीम. पहिल्या स्लाइडवर गेमिंगची जागतिक बाजारपेठ, दुसरीवर भारतातली, तिसरीपासून पोर्तुगीज कोकणात कसे आले त्याची कहाणी. १७३९ उजाडायच्या आत घंटा वाजली. पाच मिनिटांत खेळणाऱ्याच्या हाताला एक काम मिळालं नाही.

राग मला त्या पोरांचा आला नाही. त्यांच्याकडून हे घोकून घेणाऱ्यांचा आला. बाजार सांगा, कमाई सांगा आणि शेवटी ‘जीटीएसारखा, पण आपल्या मातीतला’ असं ठोकून द्या, हे ते शिकवतात. तीन पोरं, एक लॅपटॉप आणि म्हणे जीटीए! असल्या गेमसाठी शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात, हे पोरांना सांगायची हिंमत यांच्यात नाही. ही शुद्ध फसवणूक आहे, तीही फी घेऊन केलेली.

लगोरी आठवा. नवा भिडू आला की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा एका दमात सांगतं: चेंडूने लगोरी फोडायची आणि चेंडू अंगावर बसायच्या आत परत रचायची. करायचं काय, भ्यायचं कशाला, जिंकायचं कसं, सगळं त्यात आलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० सालचा ‘राजी’ हा गेम असाच सांगता येतो: असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत एक मुलगी लढत जाते. २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’ तर लुकास पोप नावाच्या एकाच माणसाने बनवला. त्यात तुम्ही सीमेवरच्या नाक्यावर लोकांचे कागद तपासता. चुका वाढल्या की पगार कापला जातो आणि घरची माणसं उपाशी राहतात. हे ऐकल्यावर बाजारपेठेचा आकडा कोण विचारेल?

आणि विषय शोधायला आपल्याला लांब जायचं कारण काय? दादरला विरार फास्ट लोकलमध्ये चढलात, उतरायचंय बोरिवलीला. अंधेरी सोडायच्या आत दाराशी पोचायचं, आणि दार अडवून उभ्या असलेल्या विरारकरांशी भांडण होऊ द्यायचं नाही. एवढ्यावर गेम उभा राहतो. तीन पोरांना झेपेल असा.

स्पर्धा संपल्यावर त्या गटातल्या मुलाला मी कँटीनमध्ये गाठलं. म्हटलं, “बाळा, मोहीम राहू दे. तुझा खेळणारा करतो काय?”

तो गडबडला. बराच वेळ गप्प बसला. मग चहाचा ग्लास सरकवून सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि टेबलावर रेघ ओढली.

“सर, हा सेबास्टियन बुरूज. आपण खालून सुरुंगासाठी खणतोय. जोरात खणलं तर लवकर पोचतो, पण वर आवाज जातो. हळू खणलं तर वरून मारा चालूच, आपली माणसं मरतात.”

सांगायला जेमतेम वीस सेकंद लागली. मराठ्यांनी खरोखरच सुरुंग लावून तट फोडला होता, तेव्हा कुठे मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला. तो सगळा इतिहास या चार वाक्यांत बसला होता.

शेजारच्या टेबलावर एक मुलगा वडापाव खात होता. स्पर्धेशी त्याचा काही संबंध नव्हता. घास तसाच हातात धरून तो वळला.

“मग वर आवाज गेला की काय होतं?”