भित्यापाठी ब्रह्मराक्षस

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु हा ब्रह्मराक्षस भिणाऱ्याच्याच मानगुटीस बसतो असे नाही. पुष्कळदा तो शेजारच्या निरपराध माणसाचा बळी घेतो. किरणोत्सर्गाच्या भयाची कथा अशीच आहे.

११ मार्च २०११ रोजी जपानात प्रचंड भूकंप झाला, समुद्र किनाऱ्यावर चढून आला आणि फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्रातून किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पडली. दीड लाखांहून अधिक लोकांना घरेदारे सोडावी लागली. पुढे काय ओढवेल हे त्या घटकेस कोणासच ठाऊक नव्हते. म्हणून स्थलांतराच्या निर्णयास सरसकट दोष देणे योग्य नव्हे. तथापि घाईघाईने हलविलेले कित्येक वृद्ध रुग्ण उपचारांवाचून दगावले. त्या प्रांतात लाटांनी सुमारे १६०० माणसे नेली; विस्थापनादी नंतरच्या हालअपेष्टांनी झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद मात्र २३०० हून अधिक आहे. उलट, किरणोत्सर्गामुळे तेथील रहिवाशांच्या प्रकृतीस प्रत्यक्ष अपाय झाल्याची नोंद आढळली नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ साली सांगितले.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे घडली. परगावच्या शाळांत गेलेल्या फुकुशिमाच्या काही मुलांना त्यांच्या सोबत्यांनी ‘जंतू’ म्हणून हिणविले! वस्तुतः किरणोत्सर्गाची बाधा ही काही गोवर-कांजिण्यांसारखी एकापासून दुसऱ्यास लागणारी साथ नव्हे. १९४५ च्या हिरोशिमा-नागासाकीच्या संहारातून वाचलेल्यांच्याही वाट्यास असाच बहिष्कार आला. त्यांच्याशी सोयरीक करण्यास लोक कचरत. अनेक दशकांच्या अभ्यासानंतरही त्यांच्या अपत्यांत आनुवंशिक दोष वाढल्याचे दिसून आलेले नाही. पण मोडलेले विवाह काही पुन्हा जुळले नाहीत.

मग भय बाळगूच नये काय? तसे मुळीच नाही. किरणोत्सर्गाची मोठी मात्रा घातक आहेच. परंतु माती, आकाश व अन्न यांतून प्रत्येक मनुष्यास वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतच असतो. केरळच्या किनाऱ्यावरील काही गावांत वाळूतील थोरियममुळे तो याच्या कितीतरी पट आहे, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या लोक नांदत आहेत. मात्रा अल्प असता धोका इतका लहान होतो, की तो मोजणे शास्त्रज्ञांसही कठीण जाते. म्हणून ‘आहे की नाही?’ एवढेच विचारून भागत नाही, ‘किती?’ हेही विचारावे लागते.

ज्यांना हे ज्ञान आहे, त्यांनी काहीही न लपविता ते लोकांस सांगावे. कारण लपवाछपवीसारखे भयाला दुसरे खतपाणी नाही. आणि आपण? आपल्या भयाची किंमत कोण मोजत आहे, हे आपण पाहावे. स्वतःसाठी सावध राहणे हा विवेक होय. पण त्या सावधपणाच्या नावाखाली दुसऱ्यास दूर लोटणे हा अन्याय होय. विद्यार्थिमित्रहो, संकटातून आलेला एखादा मुलगा उद्या आपल्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला, तर कुजबुज करीत मागे सरू नका. सरकून त्याला आपल्या बाकावर जागा द्या.