दाराशी आलेल्याचा धर्म

संकटकाळात ख्रिस्ती श्रद्धेने गाव कसे तारले याचा दाखला द्यायची वेळ आली, की फ्रान्समधील ल शाँबों या गावाचे नाव हमखास घेतले जाते. घ्यायलाच हवे. परंतु ते घेणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आढळतात आणि दोन्ही त्या गावावर अन्याय करतात. पुरोगामी विचारवंत ही कथा सांगताना त्यातील प्रार्थनामंदिर हळूच गाळतात आणि उरलेल्या भागाला ‘मानवता’ असे गुळगुळीत नाव देतात. चर्चचे समर्थक नेमके उलट करतात. मूठभर शेतकऱ्यांनी प्राण पणाला लावून जोडलेले पुण्य ते समस्त चर्चच्या खात्यावर जमा करून मोकळे होतात.

मुळात हे गावकरी होते कोण? जवळपास सारेच प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथलिक फ्रान्समधील अल्पसंख्य. 1685 मध्ये चौदाव्या लुईने त्यांच्या पूर्वजांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले, प्रार्थनामंदिरे पाडली आणि ‘राजाचा तोच प्रजेचा धर्म’ हे सूत्र सैनिकांकरवी घरोघर पोहोचवले. याच विवारे प्रदेशातील मारी द्युराँ ही तरुणी 1730 मध्ये एग-मोर्तच्या बुरुजात कैद झाली. तिचा भाऊ बंदी घातलेल्या पंथाचा धर्मोपदेशक होता, एवढाच अपराध! धर्म सोडते म्हणाली असती, तर दार उघडले असते. ती म्हणाली नाही. 1768 मध्ये ती बाहेर पडली तेव्हा 38 वर्षे सरली होती. बुरुजातल्या दगडावर कोरलेला ‘प्रतिकार करा’ हा शब्द तिच्याच नावाशी जोडला जातो. डोंगरातल्या घळींत चोरून प्रार्थना करणाऱ्या या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ही आठवण जपली. सत्ता दाराशी येऊन श्रद्धा मागते म्हणजे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

जून 1940 मध्ये फ्रान्सने गुडघे टेकले. 22 जूनला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ल शाँबोंच्या प्रार्थनामंदिरात आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेज या पाद्र्यांनी गावाला सांगितले, की अन्यायाची आज्ञा आली तर आत्मबळाच्या शस्त्रांनी तिचा प्रतिकार करायचा. मार्शल पेताँच्या विशी सरकारने त्याच वर्षी ज्यूंविरुद्ध कायदे केले. त्या हिवाळ्यात जर्मनीतून पळालेली एक ज्यू स्त्री बर्फातून चालत पाद्र्याच्या दाराशी आली. माग्दा त्रोक्मेने तिला आत घेतले. कागदपत्रांसाठी ती मेयरकडे गेली, तर त्याने साफ नकार दिला. म्हणजे गावही पहिल्या दिवसापासून एकमुखी नव्हते. भाबड्या गौरवगाथांत हा नकार सहसा सापडत नाही.

पुढे मात्र शेतघरे, वसतिगृहे, 1938 मध्ये स्थापन झालेली शाळा, अशी सारी दारे उघडत गेली. पैसा क्वेकर, स्विस आणि ज्यू संस्थांकडून येई. भाकरी, अंथरूण आणि मौन गावाचे. ऑगस्ट 1942 मध्ये विशीचे युवकमंत्री लामिराँ गावात आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती पत्रच ठेवले : आमच्यात ज्यू आहेत, त्यांना नेण्याची आज्ञा आली तर आम्ही ती पाळणार नाही. थोड्याच दिवसांत पोलीस बसगाड्या घेऊन आले. त्यांच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. किती जीव वाचले याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. पूर्वी पाच हजार हा आकडा सर्रास सांगितला जाई, अलीकडचे अभ्यासक तो बराच कमी धरतात. किंमतही मोजावी लागली. त्रोक्मेंचा नातलग दानिएल याला जून 1943 मध्ये त्याच्या वसतिगृहातील मुलांबरोबर पकडण्यात आले. पुढच्या वर्षी तो मायदानेकच्या छळछावणीत मेला.

आता मुद्द्याची गोष्ट. आश्रयाला आलेली बहुतेक मुले अनाथ होती किंवा व्हायच्या वाटेवर होती. परका देश, पोटात भूक, दारात मृत्यू. धर्मप्रसारकाला याहून मऊ माती कुठे मिळणार? परंतु त्या गावात आमच्यावर कुणी धर्म लादला नाही, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले आहे. ज्यूंना आपली प्रार्थना करण्याची मोकळीक होती. हे औदार्य ख्रिस्ती श्रद्धेतूनच आले. ते ‘मानवते’च्या नावे खपवणाऱ्यांनी मारी द्युराँचा बुरूज एकदा पाहून यावा.

चर्चच्या समर्थकांनी मात्र तिथून फार दूर नसलेल्या ग्रनोब्ल शहरात जावे. फेब्रुवारी 1944 मध्ये डॉ. फिनाली हे ज्यू निर्वासित आणि त्यांची पत्नी पकडले गेले. ते परतले नाहीत. त्यांची दोन बाळे, रॉबर्ट आणि जेराल्ड, यांना आंत्वानेत ब्रुन या कॅथलिक बाईने सांभाळले. तिने त्यांचा जीव वाचवला, हे नाकारण्याचे कारण नाही. युद्ध संपताच मुलांच्या आत्यांनी त्यांना मागितले. बाईने ती दिली नाहीत. उलट 1948 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा करवला. बाप्तिस्मा झालेले मूल चर्चचे, हा धर्मनियम मग आड आला. 1953 मध्ये न्यायालयाने मुले परत करण्याचा हुकूम दिला, तर जोगिणी आणि धर्मगुरूंनी त्यांना लपवून सीमेपलीकडे स्पेनमध्ये नेले! त्या काळचे व्हॅटिकनचे दप्तर 2020 मध्ये अभ्यासकांना खुले झाले, तेव्हा मुले न देण्याच्या हट्टामागे रोमचे मार्गदर्शन होते, हे कागदोपत्री उघड झाले.

एकच देश, एकच संकट, येशूचेच नाव. एका ठिकाणी दार उघडले आणि काही मागितले नाही. दुसऱ्या ठिकाणी उघडलेल्या दाराची किंमत मुलांच्या धर्मातून वसूल झाली. आपल्याकडे 1956 मध्ये नियोगी समितीने शाळा-दवाखान्यांच्या आडून होणाऱ्या धर्मांतराचा प्रश्न मांडला, तेव्हापासून हा प्रश्न विचारणारा सेवेचा वैरी ठरवला जातो. त्याने ल शाँबोंकडे बोट दाखवून विचारावे, की सेवा अशी होऊ शकते तर तशी का होत नाही? मात्र हेच माप आपल्याही अंगणात लावण्याची तयारी हवी. पुरात, भूकंपात धावून जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यानेही पंगतीत बसलेल्याचा धर्म विचारलेला नसावा. आणि ख्रिस्ती म्हटले की धर्मांतर, एवढेच ज्यांना सुचते, त्यांनी ती विशीच्या पोलिसांची रात्र आठवावी.

फिनाली बंधू अखेर जुलै 1953 मध्ये आत्याबरोबर इस्रायलला गेले. रॉबर्ट पुढे वडिलांसारखाच डॉक्टर झाला.