दाद ऐकण्याचे बंधन हवे
अमेरिकेत 1965 सालच्या उच्च शिक्षण कायद्यान्वये मिळणारे अर्थसाहाय्य चालू राहावे म्हणून विद्यार्थ्याने समाधानकारक प्रगती दाखवावी, 120 श्रेयांकांची पदवी 180 श्रेयांकांच्या प्रयत्नांत तरी पुरी करावी, ही अट सार्वजनिक खजिन्याच्या दृष्टीने रास्तच आहे. परंतु आजारपणाने किंवा आप्ताच्या मृत्यूने ज्याचे सत्र बुडाले, त्याची दाद ऐकण्याची तजवीज नियमांत असली, तरी ती ऐकावी की नाही हे महाविद्यालयाच्या मर्जीवर सोडलेले आहे. आणि धनिकाचा मुलगा पुन्हा शुल्क भरून वर्गात बसू शकत असताना, ज्याच्यासाठी हे साहाय्य निर्माण झाले त्या निर्धन विद्यार्थ्याचे शिक्षण मात्र तेथेच खुंटते. हा उघड अन्याय आहे. दाद ऐकणे प्रत्येक महाविद्यालयावर कायद्याने बंधनकारक करावे.