गुरुवारचा आकडा आणि काशीमीऱ्याची बातमी

8 जुलै 2025 रोजी मीरा रोडला मराठीच्या मुद्द्यावर निघालेला मोर्चा वृत्तवाहिन्यांनी थेट दाखवला. मोर्चात आलेले मंत्री प्रताप सरनाईक यांना घोषणाबाजीमुळे माघारी फिरावं लागलं, तेही राज्यानं घरबसल्या पाहिलं. सूर्या पाणीपुरवठा योजनेतून याच मीरा-भाईंदर शहराला रोज 218 दशलक्ष लिटर पाणी मिळायचं होतं. वसई-विरारला याच योजनेचं पाणी 2023 मध्ये मिळू लागलं, मीरा-भाईंदरचं मात्र रखडलं. या प्रश्नाला मोर्चाइतका वेळ कुणी दिला नाही. दोष याच शहरातल्या काशीमीऱ्याच्या वार्ताहराचा नाही. तो बहुतेकदा बातमीमागे मानधन घेणारा स्ट्रिंगर असतो. पाणी, नाकाबंदी, घोडबंदर रस्त्यावरची कोंडी हे सगळं तो पाठवतो. रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या बातम्यांच्या यादीत, काय टिकणार, हे मात्र गुरुवारी येणारा टीआरपीचा आकडा ठरवतो. आणि त्याच आकड्यावर संपादकाची खुर्चीही टिकते.

प्रेक्षकालाच भांडण हवं असतं, तो पाहतो तेच आम्ही देतो, हा वाहिन्यांचा ठरलेला युक्तिवाद. पण 'प्रेक्षक' म्हणजे नेमकं कोण? 2020 मध्ये अख्ख्या देशाची आवड टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या सुमारे 44 हजार घरांतल्या मीटरवरून ठरत होती. त्यातून मराठी बातम्या पाहणारी घरं वेगळी काढली, तर मोजकीच उरतात. तिथं दोन-चार घरांनी चॅनल बदललं तरी क्रमवारी हलते. शिवाय वाहिनी केबलवाल्याला पैसे मोजून 'लँडिंग पेज' घेते. मग टीव्ही लावला की आधी तीच दिसते, आणि त्याला आवड म्हणतात! ऑक्टोबर 2020 मध्ये काही वाहिन्यांनी मीटर असलेल्या घरांना पैसे दिल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला. तो खटला पुढे 2024 मध्ये सरकारनं मागे घेतला, त्यामुळे कुणाला दोषी म्हणता येणार नाही. तरीही 2020 मधल्या त्या आरोपानंतर बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले आणि मार्च 2022 मध्ये पुन्हा दिले, ते चार आठवड्यांच्या सरासरीनं. एका आठवड्याचा आकडा भरवशाचा नाही, याची ही कबुलीच झाली.

जाहिरातीशिवाय पगार होत नाहीत आणि आकड्याशिवाय जाहिरात येत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे मोजमाप बंद करा, असं कुणी म्हणणार नाही. पण जाहिरात विभागाचा आकडा थेट संपादकाच्या टेबलावर का? दर गुरुवारी उत्तर द्यावं लागणारा संपादक तीन महिने पाठपुरावा लागणारी बातमी हाती घेईलच कशाला? त्याला आजचा आवाज हवा असतो, आणि शेजारची वाहिनीही तोच लावते. मग सगळ्या पडद्यांवर एकच भांडण दिसतं. मालकांनी संपादकाला किमान वर्षभराची मुदत द्यावी, जिल्ह्यांच्या बातम्यांचं बुलेटिन रेटिंगच्या हिशेबाबाहेर ठेवावं आणि स्ट्रिंगरला पाठपुराव्याचंही मानधन द्यावं. संपादकाचं काम बातमी निवडणं आहे. ती निवड मीटरवर सोडायची असेल, तर संपादकाची गरजच उरत नाही.